कैलास कोणी खोदला? प्राचीन परग्रहवासीयांचे दावे तपासण्याची रीत

वेरूळच्या सोळाव्या लेण्याविषयीची चित्रफीत व्हॉट्सॲपवर कधीच आली नाही असा मराठी माणूस आता विरळाच. तिचा साचाही ठरलेला असतो. आधी ड्रोनने वरून टिपलेले कैलास मंदिर दिसते, मग गंभीर आवाजात सांगितले जाते की इथून चार लाख टन कातळ काढला आणि तोही अवघ्या अठरा वर्षांत, म्हणजे रोज बारा तास काम धरले तरी दर तासाला पाच टन. त्यानंतर प्रश्न येतो: छिन्नी-हातोड्याने हे शक्य आहे का? उत्तर कोणी देत नाही, फक्त पडद्यावर तारे चमकतात. हे पाहताना काहीतरी खटकते, पण नेमके काय ते सांगता येत नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे. उदाहरण मुख्यतः कैलासाचेच घेतले आहे, कारण ते आपल्याला जाऊन पाहता येते.

सुरुवातीलाच एक वाट बंद करून टाकावी. विश्वात अन्यत्र जीवसृष्टी आहे की नाही, या वादात शिरू नये. तो खगोलशास्त्राचा स्वतंत्र आणि रास्त प्रश्न आहे. उद्या दूरच्या एखाद्या ग्रहावर बुद्धिमान प्राणी सापडले, तरी आठव्या शतकात वेरूळचा डोंगर त्यांनी खोदला हे त्यावरून सिद्ध होणार नाही. जे या विषयात नवखे असतात ते बहुधा इथेच अडकतात आणि दोन तास बोलूनही मूळ दाव्याला हात लागत नाही.

प्रश्नाचे विधान करा

या विषयावरचे बहुतेक लेखन प्रश्नार्थक असते. "हे अंतराळयान तर नसेल?" असे विचारणाऱ्यावर पुरावा देण्याची जबाबदारी येत नाही आणि ऐकणाऱ्याच्या मनात मात्र उत्तर पक्के बसते. स्विस लेखक एरिख फॉन डॅनिकेन यांचे १९६८ साली जर्मन भाषेत आलेले पुस्तक जगभर गाजले आणि अनुवादातून मराठी वाचकांपर्यंतही पोहोचले. प्रश्नचिन्हांची ही शैली त्या पुस्तकाने रूढ केली असे म्हणायला हरकत नाही. म्हणून कागद-पेन घ्यावे, चित्रफितीतला प्रत्येक प्रश्न साध्या विधानात लिहून काढावा आणि विधानांचे तुकडे पाडावेत. कैलासाच्या बाबतीत चार तुकडे पडतात: चार लाख टन दगड निघाला; काम अठरा वर्षांत झाले; तेव्हाच्या हत्यारांनी हे अशक्य होते; म्हणून ते परग्रहवासीयांनी केले. पहिले तीन तुकडे तपासता येतात. चौथा वेगळ्या जातीचा आहे, कारण पहिले तीन खरे धरले तरी चौथा त्यांतून निघत नाही. "कसे केले ते मला कळत नाही" एवढेच फार तर निघते, आणि ते विधान माझ्या माहितीविषयी आहे, कैलासाविषयी नाही.

आकडे स्वतः मांडून पाहा

आकड्यांना घाबरू नये. शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो. कैलासासाठी खोदलेल्या खड्ड्याची लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी सुमारे ४७ मीटर आणि मागच्या बाजूची, म्हणजे सर्वांत जास्त खोली सुमारे ३३ मीटर आहे. या तिन्हींचा गुणाकार साधारण १ लाख ३० हजार घनमीटर होतो. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, घनमीटरला २.९ टनांच्या आसपास भरतो असे धरले, तर वजन ३ लाख ७८ हजार टन येते. म्हणजे चार लाखांचा प्रसिद्ध आकडा जवळजवळ तसाच हाती आला. मात्र तो येण्यासाठी आपण काय गृहीत धरले ते पाहावे. डोंगर पुढून मागपर्यंत सारख्याच उंचीचा आहे आणि खड्ड्याच्या मध्ये काहीही शिल्लक राहिलेले नाही, असे आपण धरले. प्रत्यक्षात डोंगर पश्चिमेकडे उतरता आहे, पुढच्या बाजूची खोली मागच्यापेक्षा बरीच कमी आहे आणि मध्यभागी अख्खे मंदिर उभे आहे, जे पाहायला आपण तिकीट काढतो. बाजूच्या ओवऱ्या आणि दालने यांतून निघालेला दगड मिळवला, तरी खरा आकडा चार लाखांपेक्षा पुष्कळ खाली, माझ्या अंदाजाने दोन लाखांच्या आसपास येतो.

तरीही दावा करणाऱ्याला झुकते माप देऊन चार लाखच धरू. पावसाळा आणि सणवार वगळून वर्षाला २५० दिवस काम झाले असे मानले, तर अठरा वर्षांत दिवसाला सुमारे ८९ टन दगड निघायला हवा. आता सोयीसाठी असे धरू की एक पाथरवट दिवसभरात फक्त एक घनफूट, म्हणजे सुमारे ८२ किलो, कातळ मोकळा करतो. सगळा दगड टाकीने भुगा करून काढावा लागत नाही. चर मारून मधला ठोकळा पहारीने उचकटता येतो, आणि दख्खनच्या कातळाला मुळातच थर व भेगा असतात, हे लक्षात घेतले तर हे माप फार मोठे नाही. भागाकार केल्यावर सुमारे अकराशे माणसे येतात. दोन लाख टन धरले, तर साडेपाचशे. त्याशिवाय दगड वाहणारे, हत्यारांना धार लावणारे लोहार आणि स्वयंपाकी वेगळे. दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूटांना एवढी माणसे कामाला लावणे जड जावे असे यात काहीच नाही. "तासाला पाच टन" हे ऐकताना छाती दडपते, कारण त्या वाक्यात भागाकार अर्धाच केलेला असतो: तासांनी भागले जाते, माणसांनी भागायचे राहून जाते.

इथे एक प्रामाणिक शंका निघते आणि ती टाळू नये. अकराशे माणसे त्या जागेत एकाच वेळी मावतील का? सुरुवातीला तिन्ही बाजूंनी चर खोदत खाली जायचे असते, त्यामुळे काम करायला मोकळी जागा पूर्ण खड्ड्याएवढी नसते. गर्दी होणार, पाळ्या लावाव्या लागणार आणि कदाचित वेळही जास्त लागणार. शंका रास्त आहे. पण तिच्यामुळे कोलमडतो तो दुसरा तुकडा, अठरा वर्षांचा. हा आकडा कोणत्याही शिलालेखात नाही. मंदिरावर बांधकामाची नोंद करणारा लेखच नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३ मानली जाते, आणि मंदिराचे श्रेय त्याला दिले जात असल्यामुळे त्याची राज्यवर्षे हीच खोदकामाची मुदत ठरवली गेली असावी. शेजारच्या पंधराव्या लेण्यात त्याच्या आधीचा राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे, म्हणजे राष्ट्रकूटांचा वेरूळवर हात कृष्णाच्या आधीच पोहोचला होता; आणि कैलासाच्या आवारातली लंकेश्वरासारखी लेणी मुख्य मंदिरानंतरची आहेत असे अभ्यासक मानतात. काम अनेक कारकिर्दींत पसरले होते असे म्हटले की "दर तासाला" हा शब्दप्रयोगच निकामी होतो.

कागदपत्रे काय म्हणतात ते विचारा

मूळ साधन कोणते, कधीचे आणि त्यात नेमके काय आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक दाव्याला विचारावेत. कैलासाच्या बाबतीत उत्तर फार सुंदर आहे आणि चित्रफितींत ते सहसा येत नाही. बडोद्याला सापडलेला एक ताम्रपट इ. स. ८१२-१३ च्या सुमाराचा आहे. तो गुजरातेत राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट शाखेतील कर्कराजाचा आहे आणि त्यात कृष्णराजाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर बांधवलेल्या शिवमंदिराचे वर्णन येते. आशय असा: विमानांतून फिरणारे देव ते मंदिर पाहून थक्क झाले आणि हे स्वयंभूच असणार, माणसाच्या कलेत असे सौंदर्य दिसत नाही, असे म्हणू लागले, आणि ज्याने ते घडवले तो शिल्पीही चकित झाला, असे काम पुन्हा जमणार नाही, हे माझ्या हातून झाले तरी कसे, असे त्याला वाटले.

नवख्याने या वर्णनावर जरा थांबावे. "विमानांतून फिरणारे देव" एवढाच तुकडा उचलला, तर दावेदाराला हवा तो पुरावा मिळतो: राजाच्याच ताम्रपटात आकाशयाने! पूर्ण श्लोक वाचला की चित्र उलटे होते. विमानातले देव तिथे प्रेक्षक आहेत. ते बांधत नाहीत, बघतात आणि त्यांनाही नवल वाटते. घडवणारा शिल्पी माणूस आहे आणि आपल्याच कामापुढे तो भांबावला आहे. देवांनाही भुरळ पडली असे म्हणणे ही संस्कृत प्रशस्तिकाव्याची नेहमीची रीत आहे; शेकडो दानपत्रांत राजांच्या गुणांचे असेच वर्णन आढळते. तिला प्रत्यक्षदर्शी अहवाल समजले, तर प्रत्येक राजाची कीर्ती सात समुद्रांपलीकडे गेली हेही भूगोलाच्या पुस्तकात घालावे लागेल.

दंतकथाही फेकून देऊ नयेत, कारण त्यांतही काही सापडते. मराठीत एक कथा चालत आली आहे: राजा बरा झाला तर शिवमंदिर बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असे राणीने व्रत धरले. मंदिर इतक्या लवकर होणे शक्य नव्हते, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने शिखरापासूनच खोदायला सुरुवात केली आणि आठवड्यात राणीला शिखर दाखवले. इतिहास म्हणून ही कथा घेता येणार नाही. तरी ती सांगणाऱ्यांना दोन गोष्टी ठाऊक होत्या: काम वरून खाली झाले आणि ते पैठणच्या माणसाने केले.

शब्दाचा अर्थ त्या काळाचा घ्या

"विमान" हा शब्द या विषयात जितका घोळ घालतो तितका दुसरा कोणताही घालत नाही. आज आपण विमान म्हणतो ते विमानतळावरून उडते. मंदिरस्थापत्यात मात्र गाभारा आणि त्यावरचे शिखर मिळून होणाऱ्या वास्तूला विमान म्हणतात आणि कैलासाचे विमान द्राविड पद्धतीचे आहे, असे वाक्य कोणत्याही स्थापत्याच्या पुस्तकात सहज भेटते. जुन्या वाङ्मयात देवांचे रथ, राजवाडे आणि मजल्यामजल्यांच्या इमारती यांनाही हा शब्द लावलेला दिसतो. एखाद्या भाषांतरात सगळीकडे सरसकट "उडते यान" घातले की परग्रहवासीयांची गाडी आपोआप रुळावर येते. म्हणून संस्कृत किंवा पाली उतारा पुढे केला गेला, तर तो कोणत्या ग्रंथातला, कोणत्या अध्यायातला, हे विचारावे आणि आधीच्या-नंतरच्या ओळी वाचाव्यात.

ग्रंथाचे वयही तपासावे. भारद्वाज ऋषींच्या नावावर सांगितले जाणारे वैमानिकशास्त्र याचे उत्तम उदाहरण आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्याची छाननी प्रसिद्ध केली. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा मजकूर तोंडी सांगून लिहवून घेतला होता. भाषा वैदिक नसून अर्वाचीन आहे आणि मजकूर १९०४ च्या मागे नेता येत नाही, असे या अभ्यासकांना आढळले. वर्णन केलेली याने उडण्याच्या लायकीची नाहीत, हे त्यांनी वायुगतिशास्त्राच्या आधारे दाखवले. त्यांचा हा लेख कडवटपणे लिहिलेला नाही. आधी मजकुराचा इतिहास, मग भाषा, मग यंत्र, अशा क्रमाने तो जातो, आणि तो क्रम आपणही उचलावा. यंत्राच्या चर्चेत थेट उडी घेतली, की ग्रंथ प्राचीन आहे हे न बोलता मान्य केल्यासारखे होते.

शेजारपाजार पाहा

एकट्या वस्तूचा फोटो माणसाला सहज फसवतो. मेक्सिकोतील पलेंके येथे १९५२ साली पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांनी पाकाल या माया राजाची समाधी उघडली. इ. स. ६८३ मध्ये वारलेल्या या राजाच्या शवपेटीच्या झाकणावरचे कोरीव चित्र आडवे धरले, तर अग्निबाणात पुढे झुकून बसलेला चालक दिसतो, असे डॅनिकेन यांनी जगाला सांगितले. चित्र उभे धरावे, कारण ते तसेच कोरलेले आहे. मग राजाच्या अंगातून वर जाणारा क्रुसासारखा आकार हे माया परंपरेतले विश्ववृक्षाचे चिन्ह आहे, त्याच्या शेंड्यावर पक्षी आहे आणि खाली पाताळाचा जबडा, हे लक्षात येते. हे पटवायला तज्ज्ञाचीही गरज नाही: त्याच गावातल्या दुसऱ्या मंदिरात, त्याच राजाच्या मुलाने करवलेल्या शिल्पपटावर, हाच वृक्ष आणि हाच पक्षी पुन्हा येतात, आणि तिथे अग्निबाणात बसायला कोणीच नाही.

कैलासाचा शेजार तर याहून बोलका आहे. कर्नाटकात पट्टदकल येथे चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात विरूपाक्ष मंदिर बांधवले. ते मंदिर आणि कैलास यांचा आराखडा शेजारी ठेवला, तर दोघांतले साम्य डोळ्यांत भरते. नंदीमंडप, मुख्य मंडप, विमान यांची मांडणी एकाच घरातली वाटते. विरूपाक्ष मंदिर दगडावर दगड रचून बांधले आहे. राष्ट्रकूटांनी चालुक्यांचे राज्य घेतले आणि त्यांची स्थापत्यशैलीही घेतली. सह्याद्रीत कातळ कोरण्याचे काम तेव्हा काही शतके नव्हे, जवळजवळ हजार वर्षे चाललेले होते. भाजे, कार्ले, कान्हेरी, अजिंठा ही त्याची नावे. एकीकडे डोंगर कोरण्याचा हजार वर्षांचा सराव आणि दुसरीकडे दक्षिणेतून आलेला आराखडा, या दोन्हींची गाठ वेरूळला पडली. परग्रहावरून आलेल्याला चालुक्यांच्या शैलीत कोरण्याचे काय कारण असावे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

अर्धवट काम शोधा

मला स्वतःला ही पायरी सगळ्यांत आवडते. पूर्ण झालेली वस्तू तिच्या घडणीची खूण पुसून टाकते. अर्धवट राहिलेली ती जपते. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे आहे, आणि तिथे आत शिरत जाणारे चर व मध्ये सोडलेले कातळाचे ठोकळे जसेच्या तसे दिसतात. वेरूळला उत्तरेकडच्या जैन लेण्यांत तिसाव्या क्रमांकाचे लेणे आहे, त्याला छोटा कैलास म्हणतात. मोठ्या कैलासाची ती लहान प्रतिकृती आहे आणि तीही अपुरी राहिली. पैसा संपला, आश्रयदाता गेला की काम जिथल्या तिथे थांबते, हे माणसाच्या कामाचे लक्षण आहे.

इजिप्तच्या पिरॅमिडांनाही हीच पायरी लागू पडते. मैदूमचा ढासळलेला पिरॅमिड आणि अर्ध्यावर उताराचा कोन बदललेला दहशूरचा वाकडा पिरॅमिड हे गिझाच्या आधीचे आहेत, म्हणजे शिकताना झालेल्या चुका वाळूत उभ्या आहेत. गिझाला बांधकाम करणाऱ्यांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या आणि थडगी सापडली आहेत. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे कागद मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे आणि तुरा येथील खाणीतला चुनखडीचा दगड होडीतून गिझाला नेल्याच्या नोंदी आहेत. काळ खुफू राजाचा, म्हणजे मोठा पिरॅमिड ज्याचा त्याचाच. मुकादमाची हजेरीवही सापडल्यावर आणखी काय सापडायला हवे, हा प्रश्न दावेदाराला शांतपणे विचारावा. पुरावा नसला की "त्यांनी मागमूस ठेवला नाही" आणि पुरावा विरुद्ध गेला की "तो नंतर ठेवला" असे उत्तर आले, तर समजावे की हा दावा कशानेही खोटा ठरू शकत नाही, आणि त्यापुढे वेळ घालवू नये.

एक गोष्ट थोडक्यात. दावे कोणाच्या वास्तूंवर होतात याचीही नोंद ठेवावी. इंग्लंडच्या स्टोनहेंजलाही परग्रहवासी चिकटवले गेले आहेत हे खरे. पण मध्ययुगीन युरोपातील प्रचंड चर्चे गवंड्यांनी बांधली हे सगळ्यांना सहज पटते, आणि शंका मात्र इजिप्त, पेरू, मेक्सिको आणि भारत यांच्याच वाट्याला अधिक येते. आफ्रिकेतील ग्रेट झिम्बाब्वेची दगडी बांधकामे स्थानिकांची असणेच शक्य नाही असे वसाहतवादी लेखक एकेकाळी ठामपणे सांगत. गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२९ साली उत्खनन करून ती आफ्रिकन लोकांचीच असल्याचे दाखवले. तेव्हा आकाशातले पाहुणे नव्हते, बाहेरून आलेले दुसरे लोक होते. बाकी युक्तिवाद हाच.

घरातल्या थोरांनी अशी चित्रफीत पाठवली, तर गटात सगळ्यांसमोर खोडून काढू नये. "काका, हा चार लाखांचा आकडा आपण मोजून पाहू या का?" असे विचारून वरचा गुणाकार त्यांच्याच हातून करवून घ्यावा. बहुतेकांना त्यात मजा येते. ज्यांना येत नाही त्यांच्याशी वाद घालूनही ती येणार नाही.

आणि शक्य असेल तर वेरूळला जावेच, मंगळवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. आधी कैलासाच्या बाजूने डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेने वर चढावे आणि खाली बघावे. डोंगराचा उतार आणि पुढची कमी खोली एका नजरेत कळते, आणि चार लाखांचा हिशेब कुठे चुकला तेही. मग खाली उतरून अंगणात यावे. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून तिरपे आत येते, तेव्हा मागच्या उंच कातळभिंतींवर टाकीच्या समांतर रेघा उठून दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एका हाताचा एक टप्पा. मंदिरावर कुठे कुठे चुन्याचा गिलावा आणि रंगाचे अवशेष अजून टिकून आहेत, त्यावरून त्याला रंगमहाल हे नाव कसे पडले तेही समजते. शेवटी उत्तरेच्या टोकाला छोट्या कैलासाकडे जावे आणि जिथे काम सुटले आहे तिथल्या दगडावर, पहारेकऱ्याला विचारून, जवळून नजर टाकावी.